नंबर लावण्याआधी

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात घरातलं कोणी आजारी पडलं की पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतो. ‘नेणार कोण’ हा असतो. सगळे बांधीत गुंतलेले. मग ताप दोन दिवस अंगावर काढला जातो, तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतली जाते आणि पाचव्या दिवशी घर घाबरून गाडी करून थेट नागपूर गाठतं. वाटेत उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचं रुग्णालय अशी सगळी ठिकाणं मागे पडतात. ‘नागपूरला नेलं’ म्हटलं की नातेवाइकांपुढे कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं, हेही त्यात असतंच. पण नागपूरच्या डॉक्टरपुढे हा पेशंट पहिल्यांदा बसतो तेव्हा हातात एकही कागद नसतो, आणि पहिले दोन दिवस पाच दिवसांपूर्वी गावाजवळ झाल्या असत्या अशा तपासण्यांतच जातात.

म्हणून या लेखाचा सल्ला एवढाच आहे: पहिलं दार जवळचं निवडा आणि पुढच्या दाराशी जाताना आधीच्या दाराची चिठ्ठी सोबत घ्या. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

जवळचं दार म्हणजे कोणतं

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर असे आपल्या जिल्ह्याचे सात तालुके. सरकारी आरोग्यसेवेची रचना सगळीकडे सारखीच आहे. साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र (आदिवासी आणि दुर्गम भागात तीन हजारांमागे) आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, लोकांच्या भाषेत ‘पीएचसी’. आता या दोन्ही ठिकाणी ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशा पाट्या दिसतात. नाव नवं आहे, जागा जुनीच. त्यावर तीसेक खाटांचं ग्रामीण रुग्णालय, त्यावर तुमसर आणि साकोलीसारख्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आणि सर्वांत वर भंडाऱ्याचं सामान्य रुग्णालय. भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत ते एक होतं.

कुठल्या कामाला कुठं जायचं, याची समज मात्र गावागावांत अर्धवट आहे. तापाची रक्ततपासणी, क्षयाची थुंकीतपासणी, बाळाच्या लसी, बीपी-शुगरची महिन्याची गोळी, कुत्रं चावल्यावरची लस, साधं बाळंतपण ही सगळी पीएचसीची कामं आहेत. यांसाठी खासगी दवाखान्यात पैसे मोजायचे असतील तर मोजा, पण पर्याय नव्हता म्हणून मोजू नका. एक्स-रे, सिझेरियन, हाड मोडणं, लहान-मोठं ऑपरेशन यांसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे वळायचं. तिथं निघण्याआधी एक फोन मात्र जरूर करा, कारण इमारत असते, मशीनही असतं, पण ते चालवणारा किंवा भूल देणारा डॉक्टर रोज असतोच असं नाही. ‘सर्जन आज आहेत का?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. गावची आशाताई हे फोनवर विचारून देऊ शकते. तालुक्यात कोणता डॉक्टर कोणत्या दिवशी बसतो हे तिला बहुधा आपल्याआधी माहीत असतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, त्यामुळे नागपूरच्या मेडिकलमध्ये केसपेपरचे पैसे लागले तर तो घोटाळा नव्हे. पीएचसीत मात्र कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

सरकारी दवाखान्याबद्दल आपल्या जिल्ह्यात एक वेगळी भीतीही आहे, आणि ती उगाच आलेली नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ते कोणी विसरलेलं नाही, विसरूही नये. पण त्या भीतीपोटी कमी वजनाचं, गार पडलेलं बाळ घेऊन खासगी गाडीनं तासाभराचा प्रवास करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बाळ जिथं दाखल आहे तिथं रात्री नर्स किती असतात, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, हे आई-बापानं सरळ विचारावं. सरकारी असो की खासगी, दोन्हीकडे विचारावं.

वेळ न घेता जायचं तेव्हा

काही आजारांत नंबर लावणं म्हणजे वेळ घालवणं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर मोफत आहे. फोन केल्यावर घाबरून ‘लवकर या’ एवढंच सांगू नका. गाव, तालुका, रस्त्यावरची ठळक खूण, पेशंट शुद्धीत आहे का आणि श्वास कसा आहे हे सांगा, आणि एक माणूस फाट्यावर उभा करा. बाळंतीण आणि एक वर्षाच्या आतलं बाळ यांच्यासाठी १०२ ची वेगळी गाडी आहे. घरून रुग्णालयात आणि रुग्णालयातून घरी, दोन्ही वेळा ती मोफत येते.

आपल्या भागात सर्पदंशाचं पहिल्यांदा सांगायला हवं. धानाच्या बांधीत, तणसाच्या ढिगाजवळ नाग आणि घोणस, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. मण्यार चावल्याचं कित्येकदा कळतच नाही. जागेवर सूज नसते, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची अशी सकाळ दिसली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणू नका. दोरी आवळून बांधायची नाही, चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात किंवा पाय पट्टी-फळीनं स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पीएचसीत पहिल्या बाटल्या सुरू करून पुढे पाठवलेला माणूस आणि थेट नागपूरला निघालेला माणूस यांच्यात तो मधला तास असतो. साप मारून सोबत आणायची गरज नाही. लक्षणं पाहूनच उपचार ठरतो.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं असेल तर जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथं आधी जा. मोठ्या डॉक्टरच्या नावामागे धावू नका. अर्धांगवायूत मात्र उलटं आहे, आणि वर म्हटलेल्या अपवादांतला हा एक. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं यांतलं काहीही अचानक झालं तर सीटी स्कॅन चालू असलेलंच ठिकाण गाठावं लागतं, कारण रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि स्कॅन पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणून गाडीत बसतानाच फोन करून विचारा, ‘सीटी मशीन चालू आहे का?’ शेवटचं नीट कधी बोलले ती वेळही लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच करतील.

दूध न ओढणारं बाळ, छाती आत ओढत श्वास घेणारं मूल, गरोदर बाईला झटके किंवा रक्तस्राव, हेही तसंच. यांत कुणाची वाट पाहायची नाही, घरधन्याची तर नाहीच.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि पहिली लस त्याच दिवशी घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आपल्याकडचे आजार, आपल्याकडची दारं

पावसाळ्यानंतरचा ताप घेऊन गेलात तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘शेतात निंदायला जातो, गवतात बसतो.’ स्क्रब टायफस हा बारीक चिगर कोळ्यांमुळे होणारा ताप विदर्भात २०१८ च्या साथीत मोठ्या प्रमाणावर दिसला. काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत दुखत नसलेली काळी खपली असली तर ती दाखवा. लाजेनं लपवलेली खपली निदान लांबवते. औषध स्वस्त आहे, वेळेत मिळालं तर काम फत्ते करतं.

सिकलसेल हा पूर्व विदर्भाचा जुना सोबती. मुलाचे हातपाय पुन्हापुन्हा दुखतात, डोळे पिवळे दिसतात, थंडीत किंवा तापात दुखणं वाढतं. अशा मुलाला ‘वात’ म्हणून मालिश करत बसू नका. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे तिची चौकशी करणं सोपं झालं आहे. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडची तपासणी व्हावी. पत्रिका जुळवणाऱ्या घरांनी हा एक कागदही जुळवायला हवा. ज्याला सिकलसेल आहे त्यानं आपलं कार्ड कोणत्याही डॉक्टरपुढे सर्वांत आधी ठेवावं, दात काढायला गेलं तरी.

हत्तीपायाची तपासणी रात्री होते, कारण हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. रात्री आठ-साडेआठनंतर आरोग्य कर्मचारी बोटातून रक्त घ्यायला दाराशी आला तर त्याला परत पाठवू नका. दिवसा रक्त देऊन ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. क्षयाचं औषध मोफत आहे आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये खात्यात जमा होतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही नोंद झाली की ते मिळतात.

गरोदर बायांसाठी महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला जाणाऱ्या बाईला कुठं बाळंत व्हायचं, पीएचसीत, उपजिल्ह्यात की भंडाऱ्याला, हे आधीच कळलेलं असतं. ऐन रात्री ते ठरवायची वेळ येत नाही.

आता नंबर

खासगी दवाखान्यात जायचं ठरलं तर पाटी आधी वाचा. एमबीबीएस ही पहिली पदवी. त्यापुढे एमडी म्हणजे औषधोपचाराकडचं पुढचं शिक्षण, एमएस म्हणजे शस्त्रक्रियेकडचं, डीएनबी हे त्याच तोडीचं. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असा एकेक अवयव घेऊन पुढे शिकलेल्याच्या नावापुढे डीएम किंवा एमसीएच असतं. बीएएमएस आणि बीएचएमएस हे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे रीतसर शिकलेले डॉक्टर. गावोगाव पहिला हात तेच देतात, आणि त्यांतला चांगला डॉक्टर ‘हे माझ्या हातचं नाही, पुढे जा’ असं वेळेवर सांगतो. अशा डॉक्टरला जपा. ज्याच्या पाटीवर पदवीच नाही आणि जो प्रत्येक पेशंटला पहिल्याच भेटीत सलाईन लावतो त्याच्यापासून दूर राहा. शंका असली तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा. तो पाटीवर किंवा चिठ्ठीवर असायलाच हवा, आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

सलाईनबद्दल थोडं आणखी. ते बहुतांश मीठ-साखरेचं पाणी असतं. तोंडानं खाता-पिता येणाऱ्या माणसाला अशक्तपणासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, आणि ते मागून घेण्याची सवय आपलीच आहे. डॉक्टर ‘नको’ म्हणाला तर तो चांगला डॉक्टर आहे.

स्पेशालिस्टकडे थेट जावं का? डोळे, दात, कान, बाळंतपण, मोडलेलं हाड यांसाठी खुशाल जा. पण चक्कर, दम, पोटदुखी, अशक्तपणा, वजन उतरणं अशा तक्रारींत कोणता स्पेशालिस्ट हे आपल्याला ठरवता येत नाही. चक्करेसाठी मेंदूवाल्याकडे गेलेला माणूस कानवाल्याचा निघतो, आणि छातीत जळजळ म्हणून पोटवाल्याकडे गेलेला हृदयाचा. अशा वेळी आधी एमडी मेडिसिन किंवा ओळखीचा फॅमिली डॉक्टर. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला ही पायरी गाळली तर नागपूरच्या फेऱ्यांत त्याच्या कित्येक पट जातात.

भंडारा-तुमसरला नागपूरचे अनेक डॉक्टर आठवड्यातून किंवा महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतात. ही चांगली सोय आहे. फक्त त्यांच्याकडे ऑपरेशन करून घेणार असाल तर आधी विचारा, ‘तुम्ही परत गेल्यावर रात्री काही झालं तर बघणार कोण?’ उत्तरात माणसाचं नाव आणि नंबर आला तर ठीक. ‘काही होत नाही’ असं आलं तर ऑपरेशन दुसरीकडे.

फोनवर नंबर लावताना अर्ध्या मिनिटात कामाचं सांगता यायला हवं. उदाहरणार्थ: ‘लाखनीहून बोलतो. वडिलांना दाखवायचं आहे, वय अडुसष्ट. दोन महिन्यांपासून चालताना दम लागतो, बीपीची गोळी चालू आहे. पहिल्यांदाच येतोय. डॉक्टर मंगळवारी आहेत ना? उपाशीपोटी यायचं का? नंबर साधारण किती वाजता येईल?’ एवढ्यावरून समोरचा कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरची मुलगी ठरवू शकते की हा पेशंट मंगळवारपर्यंत थांबेल की आजच बोलवावा. नुसतं ‘नंबर लावा’ म्हटलं की सर्दीवाला आणि दमवाला एकाच रांगेत बसतात. फी किती, पुन्हा दाखवायला आलं तर किती दिवसांच्या आत पैसे लागत नाहीत आणि परतीची शेवटची एसटी चुकणार नाही ना, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. सोमवार शक्यतो टाळा. रविवारचे तुंबलेले सगळे त्या दिवशी येतात. आणि जाणं जमणार नसेल तर फोन करून नंबर सोडा. आपल्याकडे हे कोणी करत नाही, म्हणून दवाखाने वीसच्या जागी चाळीस नंबर देतात आणि मग आपणच तीन तास बसतो.

दवाखान्याचा फोन नंबर इंटरनेटवर शोधताना एक सावधगिरी. मोठ्या रुग्णालयांच्या नावानं खोटे नंबर टाकलेले असतात. पलीकडचा माणूस ‘अपॉइंटमेंट पक्की करायला पाच रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतो किंवा एखादं ॲप टाकायला सांगतो, आणि खातं रिकामं होतं. नंबर रुग्णालयाच्या जुन्या कागदावरून, पाटीवरून किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. फसलात तर लगेच १९३० वर तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

सरकारी ठिकाणी रांग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. जिथं खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला आहे तिथं ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं ॲप उघडून तो स्कॅन केला की नाव-गाव आपोआप जातं आणि टोकन मिळतं. १४ अंकी आभा नंबर आधारवरून काढता येतो. जमत नसेल तर उपकेंद्रात मदत मागा. दुसरा मार्ग ई-संजीवनीचा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओवरून वरच्या डॉक्टरशी बोलणं करून देतात. जुना आजार, त्वचेची तक्रार, रिपोर्ट दाखवणं, गोळी बदलायची का हे विचारणं अशा कामांना ती उत्तम आहे. पोट दाबून बघावं लागेल असा आजार तिथं नेऊ नका. मन फार खचलं, झोप उडाली, जीव द्यावासा वाटतो असं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कर्ज आणि नापिकीच्या वर्षात हा नंबर शेजाऱ्यालाही देऊन ठेवा.

नागपूरला जाणं

पुढे जायची चिठ्ठी मिळाली की कुठल्या नागपूरला हे ठरवावं लागतं. ‘मेडिकल’ म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ‘मेयो’ म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हृदय, मेंदू, मूत्रपिंडासाठी सुपर स्पेशालिटी. आणि मिहानमधलं एम्स. भंडारा रोडनं येणाऱ्याला मेयो सोयीचं पडतं. एम्स शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वर्धा रोडकडे आहे, हे पहाटेची गाडी पकडताना लक्षात ठेवा.

मेडिकल-मेयोत प्रत्येक विभागाची वेगवेगळी युनिटं असतात आणि प्रत्येकाचे ओपीडीचे दिवस ठरलेले. पहिल्यांदा ज्या युनिटला दाखवलं त्याच युनिटच्या दिवशी पुन्हा जायचं. युनिट आणि दिवस केसपेपरवर लिहिलेला असतो. तो न वाचता दुसऱ्याच दिवशी गेलेला माणूस नव्या डॉक्टरपुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगतो, किंवा ‘गुरुवारी या’ ऐकून परत फिरतो. लाखांदूरहून आलेल्याचा त्यात दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात.

एम्सची वेळ घरून घेता येते. केंद्र सरकारचं ‘ओआरएस’ नावाचं संकेतस्थळ आहे; राज्य, रुग्णालय, विभाग, तारीख निवडायची, मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा, आणि आलेला संदेश जपून ठेवायचा. त्या दिवशी मूळ ओळखपत्र घेऊन खिडकीवर नोंद करावीच लागते. विभाग निवडताना अडलात तर चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

लाखांदूरकडच्या लोकांना वडसा-ब्रह्मपुरी जवळ, तुमसरकडच्यांना गोंदिया किंवा बालाघाट. जवळचं निवडण्यात काही गैर नाही. गोंदियालाही २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र मध्य प्रदेशात दाखल होण्याआधी आपल्या राज्याची मोफत उपचारांची योजना (तिच्याबद्दल पुढे) तिथं चालते का हे विचारून घ्या.

रुग्णालयाच्या दाराशी ‘तिकडं बेड नाही, मी चांगल्या ठिकाणी नेतो’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्यामागे जाऊ नका. त्याला पेशंटमागे पैसे मिळतात, आणि ते शेवटी आपल्याच बिलात येतात.

पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे, पांढरं कार्ड असलं तरी. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. सत्तरीच्या पुढच्यांना मिळकत न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं मिळतं. गोंधळ होतो तो इथं: योजना दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांची आहे. ओपीडीची फी, बाहेरची सोनोग्राफी, महिन्याच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. आणि एखादं रुग्णालय योजनेत असलं तरी आपल्या आजारासाठी असेलच असं नाही. म्हणून दाखल व्हायच्या आधी, सलाईनची सुई टोचायच्याही आधी, तिथं योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला शोधा आणि विचारा, ‘हे ऑपरेशन इथं योजनेत बसतं का?’ शिधापत्रिका आणि आधार सोबत हवं, आणि दोन्हींवर नाव सारखं हवं. नावातली एक वेलांटी ऐनवेळी अडवते. ती दुरुस्ती आत्ताच, बरं असताना करून घ्या. योजनेची चौकशी १५५३८८ वर करता येते.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी धर्मादाय रुग्णालयं आहेत. ट्रस्टच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी १ लाख ८० हजार, दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो रात्री अकरा वाजता मिळत नाही. खासगी रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे असा २०२१ चा नियम आहे. दिसली नाही तर मागा, आणि मोठ्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च कागदावर लिहून घ्या.

पिशवीत काय

जुने सगळे कागद तारखेच्या क्रमानं, सर्वांत नवा वर. चालू गोळ्यांची पाकिटंच घ्या, ‘ती लाल गोळी’ सांगून भागत नाही. गावठी औषध, चूर्ण, जडीबुटी घेतली असेल तर तीही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीनं लपवलेलं औषध पुढं नडतं. कधीपासून, किती, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, आधी काय घेतलं, या पाच गोष्टी घरूनच लिहून न्या. बाईला दाखवायचं असेल तर तिलाच बोलू द्या; सोबतचा पुरुष तिच्या वतीनं उत्तरं देत राहिला की अर्धा आजार खोलीबाहेरच राहतो. निघताना तीन गोष्टी विचारा: आजाराचं नाव काय, गोळी किती दिवस, आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं. सुटीचं कार्ड घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. पुढच्या दाराची चिठ्ठी तेच असतं.

आणि हा लेख वाचून झाला की मोबाइल हातात आहे तोवर १०८, १०२, आपल्या पीएचसीचा आणि आशाताईचा असे चार नंबर साठवून टाका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या फोनमध्येसुद्धा.